निरोगी पोर कुणाचं?

उरुमकानला त्या डॉक्टरीणबाईंचा पहिल्या दिवसापासून संशय होता. आजारी पोरं तपासायला डॉक्टर येतात, हे समजण्यासारखं होतं. पण राजधानी बिश्केकहून हृदय बघायचं मशीन घेऊन नारिन शहराच्याही वर, डोंगरातल्या या गावात यायचं आणि म्हणायचं काय, तर आम्हाला फक्त धडधाकट पोरं हवीत! घोडा न्यायचा असेल तरच कुणी त्याचे दात बघतं, एवढं तिला कळत होतं.

तशी ती गावात संशयखोर म्हणूनच प्रसिद्ध होती. दुकानदार पिठात खडू मिसळतो, मेंढपाळ लोकर चोरतो आणि धाकटी जाऊ बातिना नजर लावते, ही तिची तीन पक्की मतं. पहिल्या दोन मतांवर लोक हसत. तिसऱ्यावर कुणी हसत नसे. उरुमकानची मुलगी गुलाय पाच वर्षांची असताना बातिना सगळ्यांदेखत म्हणाली होती, पोरीच्या ओठांचा रंग काय सुरेख आहे! वर रीतीप्रमाणे थू थू सुद्धा केलं नाही. वर्षाच्या आत गुलाय गेली. त्याला तीस वर्षं होऊन गेली, पण एका कुंपणापलीकडे राहणाऱ्या बातिनाचा चहा उरुमकानने कधी तोंडाला लावला नाही. आता नातू तुर्सुन तिच्यापाशी वाढत होता आणि बातिना दिसली की ती त्याची टोपी नाकापर्यंत ओढायची. हाही हातचा गेला तर आपण जगत नाही, हे तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

शाळेच्या व्यायामशाळेत तपासणी होती. मुख्याध्यापकांनी दटावलं म्हणून सगळ्या बायका पोरं घेऊन आल्या आणि डॉक्टरीणबाईंची पंचाईत झाली. पोर निरोगी आहे का, असं विचारलं की जी ती मान हलवून नाही म्हणे. कुणाचं पोर खंगलेलं, कुणाचं रातभर खोकणारं. खंगलेली पोरं बाहेर एकमेकांच्या पाठीवर बसून झुंजत होती. आपलं लेकरू ठणठणीत आहे असं परक्यासमोर कबूल करणारी आई त्या गावात जन्मायची होती. डॉक्टर मेरिम पडल्या शहरात वाढलेल्या. त्यांनी सगळं खरं धरलं आणि दुपारपर्यंत त्यांच्या निरोगी मुलांच्या यादीत एकही नाव चढलं नाही.

उरुमकानची पाळी आली तेव्हा तिने आधी उलटतपासणी घेतली. चांगल्या पोराच्या छातीत काय शोधताय? मेरिमबाई दमल्या होत्या, तरी त्यांनी सांगितलं. पुस्तकातली मापं खालच्या मैदानी मुलुखातल्या पोरांची. इथल्या विरळ हवेत हृदयाला जास्त राबावं लागतं. ती मापं लावली तर इथलं चांगलं पोर आजारी ठरतं, आणि खरं आजारी असलं तर डोंगरावर असं व्हायचंच म्हणून त्याला घरी पाठवतात. इथल्या पोरांचं नेहमीचं माप काय, तेच कुणाला ठाऊक नाही.

उरुमकानचा यावर काडीचा विश्वास बसला नाही. तुर्सुनला यांच्या तावडीतून सोडवायला तिने ठोकून दिलं, की हा फार आजारी असतो. चार पावलं पळाला की धापा टाकतो, चालता चालता उकिडवा बसतो, रडला की निळा पडतो.

मेरिमबाईंचा हात थांबला. तुर्सुनला टेबलावर निजवून, छातीला गार मलम लावून त्या मशीनच्या पडद्याकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. उरुमकानच्या मनात आलं, खोटं बोलता बोलता आपणच तर पोराला दृष्ट लावली नाही?

"आपा, याचं हृदय छान आहे," शेवटी मेरिमबाई म्हणाल्या. "पण तुम्ही सांगितलंत ते मनचं सांगता येत नाही. कुणाचं बघितलंत?"

उरुमकानने तुर्सुनच्या छातीवरचं मलम बाहीने पुसलं. "माझ्या पोरीचं. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, डोंगरावर असंच असतं."

"ओठ कधीपासून निळे होते?"

"अंगावर पीत होती तेव्हापासून. आमच्या घरालाच कुणाची नजर..." आणि ती थांबली. बातिनाने ज्या रंगाचं कौतुक केलं होतं, तो हाच रंग, कौतुकाच्या कितीतरी आधीपासूनचा.

मेरिमबाईंनी हळू आवाजात सांगितलं, की हृदयात जन्मतःच दोष असला की असं होतं. त्यात कुणाचं काही चुकत नाही.

उरुमकानला रडूही येईना. तिने तुर्सुनला उचललं आणि ती दाराकडे निघाली. दाराशी बातिना आपल्या नातीला घेऊन उभी होती. यांना येताना बघताच तिने नेहमीसारखं भिंतीकडे तोंड फिरवलं. ती आपल्याला टाळते, असंच उरुमकान इतकी वर्षं समजत आली होती.

तिने पोराच्या डोक्यावरची टोपी काढली. "बातिना, इकडे बघ. याला नीट बघ."

बातिनाने मान वळवली नाही. हातांनी डोळे झाकून घेत ती थोरल्या जावेला म्हणाली, "नको, एजे. एक लेकरू खाल्लंय माझ्या नजरेनं."