मोटारीच्या खोलीतली कढई

लग्न होऊन पाच महिने झाले होते. नारायणगावचे पाहुणे आमच्या बोरी बुद्रुकच्या घरी पहिल्यांदाच आले, आणि पायरी चढताच त्यांतली बाई सरळ माझ्या पायाशी वाकली.

"थोरल्या सूनबाई तुमीच ना?" असं म्हणून तिनं नमस्कार केलासुद्धा.

ती बाई माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठी असेल. मी सव्वीस वर्षांची होते. खरी थोरली सून, म्हणजे माझी जाऊ, पस्तिशीची, दोन मुलांची आई. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे सगळं बघत होती. तिची वेणी काळीभोर, आणि माझ्या भांगाच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या. मी काही बोलायच्या आत जाऊबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या, मान खाली घालून, नव्या नवरीसारख्या, आणि पाहुण्यांसमोर मला विचारलं, "ताई, साखर पुरंल का ओ?"

पाहुणे गेल्यावर त्या ओट्याला टेकून इतक्या हसल्या की पदरानं डोळे पुसावे लागले. मलाही हसू आलं, पण थोडं उशिरा.

माझा पहिला पांढरा केस बारावीत असताना निघाला. वडिलांकडून आलेला वारसा. घोडेगावच्या आमच्या घरात जमीन भावाला आणि केस मला, अशी वाटणी झालेली. लग्नाच्या आधी आईनं दुकानातला काळा रंग आणून लावला होता. हळदीच्या दिवशी माझे डोळे सुजून बटणाएवढे झाले, कानामागे फोड आले. डॉक्टरांनी सांगितलं, हा रंग पुन्हा डोक्याला लावायचा नाही. लग्नाच्या फोटोत मी झोपेतून उठवून आणल्यासारखी दिसते. पाहुण्यांना वाटलं, माहेर सोडायचं म्हणून रडली असेल. आम्ही तसंच वाटू दिलं.

तेव्हा उरलं ते सगळं नैसर्गिक. मी ओतूरला ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. स्टाफरूममध्ये पाच बायका आणि प्रत्येकीकडे एक उपाय. एकीनं कढीपत्त्याचं तेल सांगितलं. ते मी महिनाभर लावलं. केस होते तसेच राहिले, पण नवरा म्हणायला लागला, "तू शेजारून गेलीस की मला पोहे खावेसे वाटतात." दुसरीनं कॉफी सांगितली. कॉफी एका धुण्यात गेली आणि मोरीत मुंग्या आल्या. तिसरीनं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, त्यात एक बाई बीट किसून डोक्यावर थापत होती. तो उपाय मी फक्त बघितला.

मग मेंदी. मेंदी मात्र नेटानं लावली, रात्रभर भिजवून, चहाचं पाणी घालून, तीन तास. पांढरे केस तेवढे नारिंगी झाले आणि काळे होते तसे राहिले. दुसऱ्या दिवशी अकरावीच्या वर्गात शिरले तर मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "बाई, सूर्योदय झाला." मी ऐकलं नाही असं दाखवून फळ्यावर आम्ल आणि अल्कली लिहायला घेतलं.

सासूबाईंनी एकच विचारलं. "हे असंच ऱ्हानार, का जाईल?"

शेवटी एका शनिवारी मी जुन्नरला गेले. तिथं बाजारपेठेत काष्ठौषधींचं एक जुनं दुकान आहे. गल्ल्यावर सत्तरीचे एक चाचा बसतात, त्यांची दाढी मेंदीनं लालबुंद. त्यांनी माझ्या डोक्याकडे बघितलं, स्वतःच्या दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बेटी, माझी दाढी मुद्दाम लाल हाय. तुमचं चुकून झालंय."

त्यांनी मला निळीच्या पानांची पूड दिली. हिरवट, वाळलेल्या गवतासारख्या वासाची. वर नीट समजावून सांगितलं, "आधी मेंदी लावायची. ती धुवायची. मग नीळ. मेंदीवर नीळ बसली की काळं व्हतं. नुसती नीळ पांढऱ्या केसावर लावू नका. ध्यानात ठेवा." मी मान हलवली. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईला हे काय सांगायचं, असंही मनात आलं.

रविवारी मला घाई होती. तीन तास मेंदी आणि त्यावर दोन तास नीळ, एवढा वेळ एकत्र कुटुंबातल्या धाकट्या सुनेला कुठून मिळणार? मी विचार केला, मेंदी मागच्या महिन्यात लावली आहेच की. म्हणून सरळ नीळ लावली. मागच्या महिन्यानंतर मुळाशी बोटभर नवे पांढरे केस उगवलेत, हे मी विसरले. धुऊन आरशासमोर उभी राहिले. खालचे केस बऱ्यापैकी काळपट झाले होते. मुळाशी मात्र भांगाच्या दोन्ही कडांना हिरवा रंग उतरला होता. अगदी स्वच्छ हिरवा, कोवळ्या कांद्याच्या पातीसारखा.

मी पदर डोक्यावर घेतला तो संध्याकाळपर्यंत खाली येऊ दिला नाही. सासरे खूश झाले. सुनेला रीतभात कळायला लागली, असं ते सासूबाईंना म्हणाल्याचं मी ऐकलं. पण भाकरी थापताना पदर सरकला आणि शेजारी बसलेल्या जाऊबाईंना सगळं दिसलं. त्यांनी तोंडात पदर कोंबला. खांदे हलत होते. माझ्या डोळ्यांतून मात्र पाणी आलं. सकाळी अकरावीचा वर्ग होता, आणि सूर्योदयानंतर आता काय म्हणतील ते मला ऐकवणार नव्हतं.

जाऊबाई हसायच्या थांबल्या. त्यांनी भाकरी उलटली. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "उद्या रजा टाक. दुपारी लाइट आली की माझ्यासंगं मोटारीच्या खोलीवर चल."

आमच्या शेतात विहिरीशेजारी मोटारीची छोटी खोली आहे. शेतीची वीज ज्या आठवड्यात दिवसा असते, त्या आठवड्यात जाऊबाई कायम दुपारी मोटार चालू करायला जायच्या आणि तीन-तीन तास यायच्या नाहीत. घरात सगळे त्यांचं कौतुक करायचे, पाण्याची काळजी फक्त थोरलीला. उसात बिबट्या असतो म्हणून संध्याकाळी तिकडं कुणी फिरकत नसे, आणि दुपारी उन्हानं कुणी येत नसे. जागा उत्तम निवडलेली होती.

त्यांनी दाराची कडी काढली. आत स्टार्टरच्या खाली, खताच्या रिकाम्या पोत्यांमागे, झाकण घातलेली एक लोखंडी कढई होती. मी ती नुसत्या वर्णनावरून ओळखली. ही कढई सासूबाई गेली कित्येक वर्षं शोधत होत्या. पिठलं करायला बसल्या की हमखास त्यांना तिची आठवण यायची, "त्या कढईची चव या ॲल्युमिनियमला न्हाई." एकदा जाऊबाईंनी घाबरून, शेजारच्या काकूंनी नेली असेल, असं सांगून टाकलं होतं. सासूबाई तडक शेजारी गेल्या, आणि तेव्हापासून त्या काकू आमच्याकडे हळदीकुंकवाला येत नव्हत्या.

जाऊबाईंनी झाकण उघडलं. आत शाईसारखं काळं पाणी.

"आवळकाठी आन् हिरडा," त्या म्हणाल्या. "कुटून उकळायचं, आन् ह्याच्यात दोन दिस ठेवायचं. लोखंडाबिगर काळं व्हत न्हाई. मग ह्या पाण्यात मेंदी कालवायची, बांधावरच्या माक्याचा रस पिळायचा. निमगावला माझ्या आईनं शिकवलं."

मी त्या पाण्याकडे बघत राहिले. हिरड्यातलं तुरट द्रव्य आणि लोखंड एकत्र आलं की काळा रंग तयार होतो, हे मी दरवर्षी दोन वर्गांना शिकवत होते. हिरडा तर माझ्या माहेरचा. घोडेगावच्या वरच्या डोंगरातून पोत्यांनी खाली येतो. लहानपणी त्या पोत्यांवर बसून मी अभ्यास केला आहे.

"म्हणजे तुमचेही पांढरे आहेत?" मी विचारलं.

त्यांनी वेणी सोडली आणि कानामागचे केस वर उचलून दाखवले. मुळाशी चांदीच होती.

"किती वर्षं?"

"सा. धाकट्याच्या बाळंतपनापासनं."

"मग मला इतक्या महिन्यांत एकदाही सांगितलं नाही तुम्ही. मी कढीपत्ता लावत बसले."

जाऊबाई उत्तर द्यायच्या आधी माझ्या डोक्यावर लेप थापायला लागल्या. मागून, म्हणजे मला त्यांचं तोंड दिसणार नाही असं. "खरं सांगू का? ह्या घरात आले तवा एकवीस वर्षाची व्हते. आल्या दिवसापासनं थोरली. थोरलीनं पुढं व्हावं, थोरलीनं समजून घ्यावं. त्या नारायनगावच्या बाईनं तुला थोरली म्हनलं, आन् मला धाकटी. लई बरं वाटलं गं. म्हनलं, चार दिवस मजा घेऊ. मग रोजच राहून गेलं."

मला राग यायला हवा होता. पण डोक्यावर गार लेप, बाहेर विहिरीचं पाणी पाटात पडत होतं, आणि सहा वर्षं एकटीनं लपूनछपून केस रंगवणारी ही बाई माझ्या कानाला रंग लागू नये म्हणून बोटानं तेल लावत होती. मी म्हटलं, "पुढच्या पाहुण्यांच्या वेळी चहा मी आणणार."

"आन की," त्या म्हणाल्या.

हिरवा रंग गेला. केस कोळशासारखे झाले नाहीत, गडद तपकिरी झाले, उन्हात थोडे लालसर दिसायचे. तीन आठवड्यांनी मुळं पुन्हा दिसायला लागायची. पण सूज नाही, खाज नाही. मग आम्ही दोघी मिळून मोटार चालू करायला जायला लागलो. जावाजावांचं एवढं पटलेलं बघून सासऱ्यांनी गावात सांगायला सुरुवात केली.

हे सगळं त्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत चाललं. दिवाळीनंतर सासूबाई माका आणायला, म्हणजे स्वतःच्या गुडघ्याला बांधायला, बांधावर गेल्या आणि ऊन लागलं म्हणून मोटारीच्या खोलीत टेकल्या. आम्ही घरी होतो. तासाभरानं बघतो तर सासूबाई डोक्यावर कढई घेऊन पांदीनं येतायत, मिरवणुकीतल्या मानकऱ्यासारख्या.

"घावली," त्या म्हणाल्या. "कामाला आलेल्या बायांनी नेली असंल. काय काळं करून ठेवलंय बघा."

त्यांनी ती राखेनं घासली. दोनदा, तीनदा घासली. आम्ही दोघी, द्या आम्ही घासतो, म्हणत मागे फिरत होतो, पण त्या कढई सोडेनात. त्याच संध्याकाळी मंचरहून त्यांचे भाऊ-भावजय आले, आणि सासूबाईंनी जाहीर केलं की आज खऱ्या कढईतलं पिठलं.

सहा वर्षांचा रंग राखेनं निघत नसतो. बेसन रटरटायला लागलं तसं पिवळ्याचं राखाडी झालं, आणि राखाडीचं काळपट. जाऊबाईंनी माझा हात घट्ट धरला. सासूबाई पळी घेऊन आत बघत राहिल्या. बाहेर पंगत बसली होती. आता दुसरं काही करायला वेळ नव्हता.

ताटात काळं पिठलं पडलं. मामांनी एकदा पिठल्याकडे आणि एकदा बहिणीकडे बघितलं.

"काळ्या मसाल्याचं हाय," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

मामांनी घास घेतला. चावला. "जरा तुरट हाय. पन बरं लागतंय." त्यांनी दुसऱ्यांदा घेतलं. मामींनी तर जाताना मसाला कसा करायचा ते विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घरातली गोष्ट हाय, बाहेर देत न्हाई."

पाहुण्यांची गाडी रस्त्याला लागली आणि त्या आमच्याकडे वळल्या. "आता बोला. काय व्हतं त्यात?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. मीच सांगितलं, "आवळा, हिरडा आणि माका."

"बाकी काय? विखारी काय न्हाई ना?"

"नाही. सगळं पोटात घेतात तेच."

"मग चांगलंय. माझ्या भावाचं पोट कायम बिघडल्यालं असतं." त्या खाली बसल्या. नंतर जाऊबाईंकडे न बघता म्हणाल्या, "तुझ्या उशीचे अभ्रे सा वर्षं मी धुतीया. काळं पानी कशाचं निघतंय, ते न कळाया मी काय लहान हाय का? कढई तेवढी कळली नव्हती. त्या शेजारनीला मी काय काय बोलले."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लाडवांचा डबा घेऊन शेजारी गेल्या. काय बोलणं झालं ते आम्हाला सांगितलं नाही, पण संक्रांतीला त्या काकू आल्या. कढई आम्हालाच मिळाली. सासूबाईंनी आळेफाट्याच्या बाजारातून स्वतःसाठी नवी आणली आणि ती स्वतःच्या खाटेखाली ठेवायला लागल्या.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. जाऊबाईंनी रंगवणं तीन वर्षांपूर्वी सोडलं. काही ठरवून नाही, टोमॅटोच्या तोडणीत रंगवायच्या दोन खेपा चुकल्या आणि तिसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, ऱ्हाऊ दे. आता त्यांचे केस अर्धे पांढरे, अर्धे तपकिरी आहेत आणि त्यांना ते शोभतात. मी मात्र अजून लावते. मागच्या रविवारी मोटारीच्या खोलीत लावायला बसले तेव्हा त्या शेंगांची पाटी घेऊन सोबत आल्या, दारात बसून शेंगा फोडत राहिल्या, आणि मुलाच्या पुण्यातल्या खोलीवर म्हणे कुणी भांडी घासत नाही, ते सविस्तर सांगत होत्या. लेप वाळला तसं त्यांनी पाटातून कळशी भरली आणि म्हणाल्या, "वाक खाली. पानी गार हाय, वरडू नको."