कोपरगावच्या वाटेवरची अर्धी गोळी
परवा औषधाच्या गोळीचा कडू वास आला आणि शाळेत असताना श्रीगोंद्याहून कोपरगावला केलेला प्रवास आठवला. वडिलांनी साखर कारखान्यातली नोकरी बदलली होती. आमचा धडधाकट कुत्रा टेम्पोत बिथरू नये म्हणून जनावरांच्या डॉक्टरांनी दिलेली अर्धी गोळी त्याला गुळातून चारली. नगर येईस्तोवर तो असा लुळा पडला, की वडील म्हणाले, "गेला वाटतं." "न्हाई, पोट हालतंय," आई म्हणाली. निघताना 'कुत्रं इथंच सोडा' म्हणणारी तीच होती, पण त्याच्या पोटावरचा हात तिनं शेवटपर्यंत काढला नाही. नव्या घराच्या दारात तो झोकांड्या खात उठला. "सामान राहू दे, आधी पानी आन," ती मला म्हणाली. त्या घरातलं पहिलं पाणी आमचा कुत्रा प्यायला, हे आठवलं की अजून बरं वाटतं.