आधी पाणी

नाशिक रोडच्या आमच्या प्रयोगशाळेत गायधनी मॅडमसमोर घोड्याचे नाव उच्चारण्याची सोय नव्हती. शर्यतीनंतर घोड्यांच्या लघवीचे नमुने आमच्याकडे येत. त्यांत बंदी असलेले औषध आहे का, एवढेच आम्ही पाहायचे. चुकून कोणी नाव घेतले, की चष्म्यावरून पाहत त्या म्हणत, "नाव फाटकाबाहेर. आत फक्त बाटली." दुसरा नियम याहून कडक होता. नमुन्याआधी यंत्रात शुद्ध पाणी तपासायचे. त्यात औषध दिसले, तर दोष घोड्याचा नव्हे, आपला. "आधी पाणी," एवढेच त्या म्हणत.

एकदा एका घोडीच्या पहिल्या बाटलीत वेदनाशामक सापडले. तेव्हा पाणी स्वच्छ होते. नियमाप्रमाणे त्याच नमुन्याची दुसरी, सीलबंद बाटली घोडीच्या माणसांसमोर उघडायची होती. प्रशिक्षक आले, सोबत घोडीची निगा राखणारे मोतद्दार, सायखेड्याचे निवृत्तीमामा. प्रशिक्षक दारातच म्हणाले, "ह्यात पण निघालं, तर मामा, उद्यापासून तबेल्यात दिसायचं नाही."

"मी नाय दिलं, साहेब. पोरीवानी वाढवलीय तिला."

मॅडमांनी शाबूत सील दाखवले आणि यंत्राला पाणी लावले. पडद्यावरची रेषा सरळ जायला हवी होती. ती चढली, नेमकी त्याच औषधाच्या जागी.

मॅडमांनी हातमोजे काढून मनगट हुंगले. "सकाळी मी मलम चोळलं. त्यात हेच औषध असतं. चूक माझी."

मामा उठलेच. "म्हंजी आमची घोडी सुटली?"

"नाही, मामा. बाटली अजून उघडलेलीच नाही. आत्ता फक्त मी सापडले."

त्या उंबऱ्याबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. मी यंत्र धुतले, नवे पाणी लावले. रेषा सरळ आली. मग सील तोडून नमुना लावला. रेषा चढली.

"औषध आहे," मॅडम म्हणाल्या.

"पाण्यात नव्हतं?"

"नव्हतं."

"मंग हाय," मामा म्हणाले. "सोताची चूक सांगणारी बाई खोटं कशापायी बोलंल?" मग ते प्रशिक्षकांकडे वळले. "पण मी नाय दिलं, साहेब. मंग कोणी दिलं?"

प्रशिक्षक गाडीची किल्ली बोटात फिरवत राहिले.

"बाटलीला हात ओळखता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण अहवालासोबत माझी चूक कळवीन, तसा मामांचा प्रश्नही कळवीन."

पुढे चौकशी झाली. मामा तबेल्यात राहिले, प्रशिक्षक दुसरे आले.

मॅडम निवृत्त झाल्या त्या दिवशी हार स्वीकारताना त्यांचे मनगट अवघडलेले दिसले. मलम लावत नाही का, असे मी विचारले.

"त्या दिवसापासून सोडलं," त्या म्हणाल्या. "दुखतं. आता घरी गेल्यावर लावीन."