ताक की टाक

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी सुरतेत, बमरोलीच्या एका कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलच्या लॅबमध्ये कामाला होते, आणि माझी विद्यार्थिनी होती पार धुळ्याकडच्या गावात. तिथं विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या शाळेत नवाकोरा कॉम्प्युटर आला, इंटरनेट लागलं आणि तिनं ही दहावीतली पोर माझ्या गळ्यात मारली. दर रविवारी मी सायबर कॅफेत बसून तिला ईमेल करायचे. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. दुसरी सोयच नव्हती.

पोरीच्या आबांनी अट घातलेली. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात नंबर आला तर अकरावीला सायन्स, नाहीतर शिवणक्लास. विषय आम्ही घेतला कांद्याच्या सालींचा रंग. सुती कापडावर तो टिकवायचा कसा, एवढाच प्रश्न.

मी लिहिलं, "Turtichya panyat kapad tak."

पुढच्या रविवारी उत्तर आलं. ताई, तुरटी घातली, कापड घातलं, ताकही घातलं. आई ओरडली, पण वाटीभर दिलं.

ताक? माझं डोकंच फिरलं. मिलमध्ये इतकी वर्षं काढली, ताकात कापड बुडवणारं कुणी पाहिलं नव्हतं. "ताक कुणी सांगितलं गं तुला?" मी खडसावलं. पोरीनं माझंच वाक्य मला परत पाठवलं. मी लिहिलं होतं 'टाक', तिनं वाचलं 'ताक'! व माय! मी एवढ्या मोठ्यानं हसले की शेजारी चॅट करणारी पोरं दचकली.

मग लिहिलं, फेकून दे ते, नव्यानं कर. दिवस थोडे उरलेत.

तिनं ऐकलं नाही. "ताई, आधी रंगवून, धुऊन तर बघू द्या," म्हणाली. कापड सालींच्या रंगात उकळलं, धुतलं, आणि रंग जवळजवळ तसाच राहिला. मी म्हटलं, एका तुकड्यावर माझा विश्वास नाही. ही करामत तुरटीची की ताकाची, ते दाखव. आता तुकडे कर: एक कोरा, एक नुसत्या तुरटीचा, एक नुसत्या ताकाचा, एक दोन्हींचा. पोरीनं सगळे एकाच साबणानं, एकाच हातानं धुतले. दोन्हींचा तुकडा सगळ्यांत गडद राहिला. मला राहवलं नाही, मी आमच्या लॅबमध्येही करून पाहिलं. तेच! ताकातलं प्रथिन धाग्याला धरतं आणि रंगाला बसायला जागा मिळते, हे आम्ही दोघींनी मिळून शोधून काढलं.

प्रदर्शनात परीक्षकांनी विचारलं, ताक कसं सुचलं? मैत्रीण शेजारीच उभी होती, तिनं मला नंतर सांगितलं. पोर बेधडक म्हणाली, "सुचलं नाही सर, वाचताना चुकलं. पण चूक का चालली, ते मी तपासलं."

माझी छाती अभिमानानं अशी फुगली म्हणून सांगू!

त्या रविवारी ईमेल उघडली. एकच ओळ होती: "Tai, pahila number. Aba ho mhanale."

मी खुर्चीतून उठून ओरडलेच. काय झालं म्हणून कॅफेवाले काका धावत आले. "शुं थयुं, बेन?"

"मारी छोकरीने सायन्स मळ्युं!" मी त्यांच्याच गुजरातीत म्हणाले, माझ्या पोरीला सायन्स मिळालं.

त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. त्यांना वाटलं माझीच लेक; पोरगी कोणासारखी दिसते, तुमच्यासारखी की वडिलांसारखी, असं त्यांनी कौतुकानं विचारलं, आणि मला सांगता येईना. तिला मी अजून एकदाही पाहिलं नव्हतं.