बुधवारचे उमेदवार

रद्दी कोणी मुद्दाम जमवत नाही. रोजचा अंक रोज वाचून बाजूला ठेवावा आणि एके दिवशी कपाटाचे दार लागेनासे व्हावे, इतकेच घडते. किश्शांचेही तसेच. आमच्या बुधवारच्या मंडळींचे किस्से इतके साठले आहेत, की आता दार लागत नाही. म्हणून त्यांतले काही आज बाहेर काढतो. क्रमाची हमी देत नाही, खरेपणाची देतो.

मंडळी म्हणजे चार माणसे. दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेले खांबेटेकाका. संगणक कंपनीत नोकरी करणारा, वयाने आमच्या मुलांहूनही लहान असा निनाद. वाघोलीहून दोन बस बदलून येणाऱ्या रंजनाताई. आणि तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवलेला मी. दर बुधवारी सायंकाळी सहा वाजता कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीच्या वाचनकक्षात आम्ही जमतो. उद्देश एकच : दूरचित्रवाणीवरच्या एका प्रश्नमंजूषेत स्पर्धक म्हणून निवडले जाणे. निनाद त्याला 'ऑडिशन' म्हणतो. पहिले सहा महिने मी निग्रहाने 'निवडचाचणी' म्हणत होतो. आता मीही ऑडिशनच म्हणतो. जी गोष्ट आपल्याला दरवर्षी नापास करते, तिला निदान तिच्या नावाने हाक मारावी!

निवडीच्या पायऱ्या तीन. आधी पडद्यावर प्रश्न येतो, त्याचे उत्तर फोनवरून पाठवायचे. त्यातून नाव निघाले तर लेखी परीक्षा. तीही पार झाली तर मुलाखत. एका खोलीत, समोरासमोर.

*

खांबेटेकाकांची गाडी बरीच वर्षे पहिल्याच पायरीवर अडली होती. ज्ञान उदंड, पण पडद्यावरचा प्रश्न वाचून झाला की काका चष्मा पुसत. मग चारही पर्याय मोठ्याने वाचत. मग प्रत्येक पर्याय चुकीचा का आहे, याची कारणे देत. उरलेला पर्याय तो बरोबर, ही त्यांची रीत.

एकदा आम्ही सगळेच त्यांच्या घरी होतो. प्रश्न आला. काकांनी चष्मा पुसला, 'अ' बाद केला, 'क' बाद केला, 'ड'चे वाभाडे काढले आणि शांतपणे म्हणाले, "ब."

निनाद म्हणाला, "काका, वेळ संपली. बटण मगाशीच बंद झालं."

"उत्तर बरोबर आहे की नाही?"

"बरोबर आहे, पण टाइम..."

"मग त्यांना सांग, मी पोचलोय. थांबायचं की नाही, ते त्यांनी ठरवावं!"

*

माझी फजिती निराळी. एका वर्षी त्यांनी लेखी परीक्षेआधी प्रत्येकाची एक मिनिटाची चित्रफीत मागवली. विषय : 'स्वतःविषयी सांगा.' निनाद फोन घेऊन समोर उभा राहिला. मी इस्त्रीचा सदरा घातला, घसा साफ केला आणि सुरुवात केली. कोणतेही कथन मुळापासून करावे, असे मी आयुष्यभर मुलांना शिकवले. म्हणून प्रथम गाव सांगितले, मग गावाची नदी, मग पणजोबांची पाठशाळा, मग आजोबांनी ती का बंद केली...

निनादने हात वर केला. "सर, मिनिट झालं."

"झालं? बरं. कसं वाटलं?"

"मस्त आहे सर. फक्त तुम्ही अजून जन्मलाच नाही आहात!"

*

दुसऱ्या प्रयत्नात तीन सेकंदांत जन्मलो, लेखी परीक्षेला पोचलो आणि तिथे सूर्याशी गाठ पडली. प्रश्न होता : सूर्य कोणत्या दिशेला उगवतो? पर्याय चार, त्यांत 'पूर्व' हा पहिला. इतर परीक्षार्थींनी खूण करून पान उलटले. मला ते जमेना. सूर्य नेमका पूर्वेला वर्षातून दोनच दिवस उगवतो. बाकीचे दिवस तो थोडा उत्तरेकडे किंवा थोडा दक्षिणेकडे सरकलेला असतो. मी पर्यवेक्षकांना बोलावून हे सविनय सांगितले.

ते तरुण गृहस्थ माझ्याकडे पाहत राहिले. म्हणाले, "काका, तुम्हाला पूर्व माहितीय ना?"

"माहीत आहे."

"मग टिक करा ना प्लीज."

मी केली नाही. एका गुणाने राहिलो.

बुधवारी मी ही हकीकत काहीशा अभिमानाने सांगितली. खांबेटेकाकांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "सर, तो बिचारा सूर्य रोज थोडा थोडा सरकतो. तुम्ही एक दिवस सरकला असतात, तर काय बिघडलं असतं?"

आज मला पूर्व हवी तेव्हा दाखवता येते. हे ऋण काकांचे.

*

निनादला जगातल्या सगळ्या राजधान्या पाठ. चलने पाठ. कोणत्या सरोवरातून कोणती नदी निघते, ते झोपेतून उठवून विचारा. तो मुलाखतीपर्यंत सहज गेला. तिथल्या बाईंनी त्याचा अर्ज पाहिला आणि कौतुकाने म्हणाल्या, "अरे वा, कात्रजला राहता! मग घरचाच प्रश्न विचारते. पूर्वी कात्रजचं पाणी पुणे शहरात कसं येत असे?"

पेशव्यांनी कात्रजच्या तलावापासून शहरातल्या हौदांपर्यंत दगडी नळ बांधून आणला होता, हे आमच्या वेळी चौथीतल्या मुलालाही ठाऊक असे. पण निनादची इमारत नवी, घाटाच्या अंगाला अगदी वर. त्याने पाणी एकाच मार्गाने येताना पाहिलेले.

क्षणाचाही विलंब न लावता तो म्हणाला, "टँकरने!"

*

पुढे निनादने काकांच्या फोनवर बोट आपण ठेवायचे आणि काकांनी नुसते ओरडायचे, अशी सोय केली. त्या वर्षी काकाही मुलाखतीपर्यंत पोचले. तिथे एक ठरलेला प्रश्न असतो, पण निनादची गाडी टँकरपाशीच थांबल्यामुळे तो आम्हाला तोवर माहीत नव्हता. समोरचा तरुण म्हणाला, "काका, तुमच्या आयुष्यातला संघर्ष सांगा."

काकांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिले. "नाही हो. वेळेवर नोकरी लागली, वेळेवर लग्न झालं, वेळेवर रिटायर झालो."

"काहीतरी असेलच ना! एखादं दुःख? प्रेक्षकांना कनेक्ट होता यायला हवं."

"आत्तापर्यंत नव्हतं. आत्ता तुम्ही मागताय आणि माझ्याकडे नाही, याचं होतंय."

निवड झाली नाही. काका घरी आले, हात-पाय धुऊन खुर्चीत बसले आणि मालतीकाकूंना सगळे सांगितले. काकूंनी हातातली सुई-दोऱ्याची डबी खाली ठेवली.

"अहो, चाळीस वर्षं माझ्याबरोबर काढलीत, आणि एक संघर्ष सांगता आला नाही तुम्हाला?"

*

रंजनाताई आमच्यात सर्वांत शेवटी आल्या. मूळच्या यवतमाळकडच्या. नवऱ्याला इकडच्या कारखान्यात काम मिळाले म्हणून आल्या आणि वाघोलीच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागल्या. निनादने फोनवरच्या कुठल्याशा गटात आमच्या बुधवारविषयी लिहिले होते, ते वाचून पत्ता शोधत आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

काकांनी विचारले, "काय काम आहे?"

"प्रश्न ऐकायला आली जी."

"ऐकायला मनाई नाही. उत्तर द्यायची मात्र घाई करू नका."

त्या मागच्या खुर्चीवर बसल्या. काकांनी प्रश्न काढला, "हिरा आणि पेन्सिलीतलं शिसं, दोन्ही मुळात एकाच मूलद्रव्याची. कोणत्या? पर्याय अ..."

"कार्बन," मागून आवाज आला.

"अहो बाई, आधी पर्याय ऐकायचे असतात!"

"माहीत असल्यावर कशाला ऐकू जी?"

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि रंजनाताईंना पुढच्या खुर्चीवर यायला सांगितले. काकांनी कोणाला पुढची खुर्ची दिल्याचे मी त्याआधी पाहिले नव्हते.

*

एके बुधवारी बैठक आटोपल्यावर मी त्यांना विचारले, "रंजनाताई, दोन बस बदलून येता, दोन बदलून जाता. हे सगळं कशासाठी? बक्षिसासाठी?"

"नाही जी." त्यांनी पिशवी पुन्हा खुर्चीवर ठेवली. "बी.एस्सी.ची दोन वर्षं झाली होती माझी, सर. मग लग्न झालं. आता एकोणीस वर्षं झाली त्या लॅबमध्ये. दर वर्षी तोंडी परीक्षा होते. बाहेरचे सर येतात, पोरांना विचारतात. मी मागे उभी राहते. पोरं अडखळून राहतात आणि उत्तर माझ्या जिभेवर असते. सरांचं माझ्याकडे लक्ष जाते, तर म्हणतात, 'बाई, तो स्टँड जरा इकडे सरकवा.'"

त्या हसल्या. "एक डाव कोणी समोर बसवून मला विचारावं. बस. मग नाही घेतलं तरी चालते."

तीस वर्षे मी वर्गात प्रश्न विचारत आलो. ज्याचे उत्तर मला आधीच ठाऊक नाही, असा त्यांत एकही नव्हता. त्या संध्याकाळी विचारलेला पहिलाच. उशिरा का होईना, असा प्रश्न विचारण्याची संधी या मंडळींनी मला दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

*

म्हणजे रंजनाताईंना त्या मुलाखतीच्या खोलीपर्यंत पोचवायचे, हे आमचे सर्वांचे काम झाले. पण पहिल्या वर्षी त्या लेखी परीक्षेतच राहिल्या. आम्ही चकित झालो.

"पेपर अवघड होता?" निनादने विचारले.

"सोपा होता. पण शेजारच्या बाईचं पेन बंद पडलं जी. माझं दिलं तिले."

"आणि तुम्ही?"

"दुसरं येतपर्यंत बसली. सवय आहे न! प्रयोगाला कोणाचं अडलं, तर आधी त्याचं पाहावं लागते."

"मग त्या बाईंचं काय झालं?"

"पास झाल्या!" रंजनाताई आनंदाने म्हणाल्या.

दुसऱ्या वर्षी त्या दोन पेने घेऊन गेल्या. शेजारी दोघांची बंद पडली. पुढचे आम्ही विचारले नाही.

तिसऱ्या वर्षी, परीक्षेच्या आदल्या बुधवारी, खांबेटेकाकांनी खिशातून दहा पेनांचे पाकीट काढले आणि त्यांच्यासमोर ठेवले. "हे घ्या. गावजेवण घाला. पण शेवटचं एक स्वतःसाठी राखून ठेवायचं, ही माझी अट आहे."

रंजनाताई लेखी परीक्षेत उत्तीर्ण झाल्या. नऊ पेने परत आली नाहीत.

*

आता मुलाखतीचा दिवस. निकाल अजून आलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणी मध्येच विचारणार नाही.

मुलाखती एका मंगल कार्यालयात होत्या. सकाळी नऊला बोलावले होते. निनादने रजा काढली होती, काकांनी कोट घातला होता, मी छत्री घेतली होती. वरच्या मजल्यावर लांबलचक ओसरी, भिंतीला लावून खुर्च्या आणि टोकाला एक बंद दार. आत मुलाखत घेणारी एकच मुलगी होती. तिच्या जोडीचा माणूस आलाच नव्हता, त्यामुळे सगळे उमेदवार तिच्या एकटीच्या गळ्यात. दर पाच मिनिटांनी दार उघडे, एक बाहेर, एक आत.

काका शेवटची सूचना देत होते. "सगळ्यात शेवटी ते म्हणतात, तुम्हाला काही विचारायचंय का? तेव्हा निकाल कधी, ते विचारायचं. तारीख घ्यायची. गुळमुळीत ऐकून यायचं नाही."

"हो जी."

दुपारी साडेतीनला रंजनाताईंचे नाव पुकारले गेले. त्यांनी पदर सावरला, पिशवी खांद्याला लावली आणि आत गेल्या. दार लागले.

पाच मिनिटे झाली. दहा झाली. निनाद उठून उभा राहिला. "सर, काहीतरी सॉलिड चाललंय. एवढा वेळ कोणालाच नाही घेतला."

"विचारतायत," काका म्हणाले. त्यांनी कोटाचे वरचे बटण लावले. "विचारू देत. आज सगळं विचारून घेऊ देत."

वीस मिनिटे झाली. रांगेतली मंडळी कुरकुरू लागली. मी माझ्या छत्रीची मूठ किती वेळा पुसली, सांगता येणार नाही.

आत काय झाले, ते रंजनाताईंनी आम्हाला परतीच्या बसमध्ये सांगितले. प्रश्न पाच मिनिटांतच संपले होते. दहा विचारले, नऊ आले. एकाला त्या 'माहीत नाही' म्हणाल्या, तेही हसत. मुलीने कागदावर शेरा लिहिला, सही केली, कागद पालथा घातला आणि मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला काही विचारायचंय?"

रंजनाताईंना निकालाची तारीख आठवत होती. पण टेबलावर गार झालेल्या चहाचे दोन पेले होते, आणि एका बिस्किटाच्या पुड्याचा नुसता कागद.

त्यांनी विचारले, "तुम्ही जेवल्या का, मॅडम?"

पंचवीस मिनिटांनी दार उघडले. आधी ती मुलगीच बाहेर आली. डाव्या हाताने ओढणी मागे टाकत होती आणि उजवा हात अंगापासून दूर धरला होता. पाचही बोटांना वांग्याच्या भाजीची लाल तर्री. तिने इकडेतिकडे पाहिले. समोर आम्ही तिघे होतो, सकाळी नऊपासून तिथेच बसलेले.

"हात कुठे धुता येतील हो इथे?"

मी काकांकडे पाहिले. काकांनी निनादकडे पाहिले. निनादने फोनकडे पाहिले.

दाराच्या आतून, रिकाम्या डब्याला झाकण लावता लावता, रंजनाताई म्हणाल्या, "डावीकडे जी, जिन्याखाली. नळ थोडा उलटा फिरते."