बारा एकतीसची सावली

मैनाबाई बच्छाव यांचा राग श्रमसाफल्य कॉलनीत प्रसिद्ध आहे, पण तो का येतो हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही. बाई तापट आहेत, असं म्हणून सगळे मोकळे होतात. पाण्याची टाकी साफ न करताच 'साफ केली' अशी पाटी लागली, तेव्हा त्या चिडल्या होत्या. गेल्या वर्षी खड्डे खणण्याच्या आधीच वृक्षारोपणाचे फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरले, तेव्हाही चिडल्या होत्या. दोन्ही वेळा त्यांचंच बरोबर होतं. त्यांना तापट म्हणून टाकलं की टाकी साफ करावी लागत नाही, एवढंच.

बाई मूळच्या सटाण्याकडच्या. बारावी सायन्स झाल्या, लग्न होऊन नाशिकला आल्या आणि इथल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागल्या. एकोणतीस वर्षं त्यांनी काचनळ्या धुतल्या, तराजू पुसले, दोलकाचे दोरे बदलले. मुलं प्रॅक्टिकलला यायची, दोलकाचे चार झोके मोजायची आणि उरलेली रीडिंगं मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवून काढायची. सर सही ठोकायचे. एकदा न राहवून मैनाबाई म्हणाल्या, "सर, ह्या पोरानं दोलकाला हातसुद्धा लावला नाही." सर म्हणाले, "मैनाबाई, बीकर धुतलेत का?" हे त्या आजही सांगतात, आणि सांगताना त्यांच्या नाकपुड्या फुलतात.

निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं, एक तरी रीडिंग असं घ्यायचं की जे सगळ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असेल. नाशिकवर सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो. जुलैत येतो तेव्हा आभाळ भरलेलं असतं, म्हणजे हाताशी राहतो तो मे महिन्यातला एकच दिवस, वीस तारीख. त्या दिवशी दुपारी बारा एकतीसला सरळ उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाखाली जाते आणि मिनिटभर दिसेनाशी होते. मग लगेच दुसऱ्या बाजूला सरकायला लागते.

यंदा संक्रांतीला त्यांनी कॉलनीच्या पटांगणातला बॅडमिंटनचा एक खांब धरला. गवंड्याकडून ओळंबा आणून खांब सरळ उभा आहे की नाही हे तपासलं आणि भर दुपारी सावलीच्या टोकाशी कोब्यावर पिवळ्या ऑइलपेंटचा ठिपका दिला. खांबापासून जवळजवळ साडेचार फुटांवर. मग दर रविवारी एक ठिपका. ठिपके रांगेनं खांबाकडे सरकू लागले. वहीत चार रकाने होते: तारीख, वेळ, सावली, पाहणारे. संक्रांतीला पाहणारे होते नऊ. होळीच्या सुमारास एकवीस. मे उजाडला तेव्हा समोरच्या इमारतीतल्या सखुबाई दुखरे गुडघे घेऊन, खुर्ची मागवून, ठिपका पाहायला बसू लागल्या. शेवटच्या रविवारी त्रेचाळीस माणसं उन्हात उभी होती आणि सावली उरली होती बोटाच्या पेराएवढी. त्या रात्री बाईंनी शेजारणीला आपण होऊन आमरस नेऊन दिला. हे याआधी घडलं नव्हतं.

कमिटीला याचा वास लागला आणि घात झाला. कॉलनीचा दहा दिवसांचा ग्रीष्मोत्सव चालू होता. चित्रकला, मातीकाम, समूहगीतं, लोणच्याची स्पर्धा, सगळं एकाच पत्रिकेत कोंबलेलं. अध्यक्ष शामसुंदरराव, बँकेतून निवृत्त झालेले, सभ्य आणि गोड बोलणारे गृहस्थ. त्यांनी ठरवलं की 'शून्य सावली' हा समारोपाचा कार्यक्रम करायचा, आणि तोही साहेबांच्या उपस्थितीत. साहेब म्हणजे प्रभागातले पुढारी. मैनाबाईंनी वेळ कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिली, दोनदा वाचून दाखवली. शामसुंदररावांनी मान डोलावली.

वीस तारखेला साडेअकरा वाजता बाई ओळंबा, वही आणि रंगाचा डबा घेऊन पटांगणात आल्या आणि जागच्या जागी थबकल्या. अख्ख्या पटांगणावर मांडव घातला होता. साहेबांना ऊन लागू नये म्हणून. खाली हिरवा गालिचा अंथरला होता, त्याखाली चार महिन्यांचे ठिपके गाडले गेले होते. खांब मात्र मोकळा ठेवून त्याला झेंडूची माळ गुंडाळली होती. आणि खांबाच्या बुंध्याशी, रांगोळीच्या मधोमध, शेवटचा पिवळा ठिपका कुणीतरी आदल्या दिवशीच रंगवून ठेवला होता.

"हे कुणी केलं?" बाईंनी विचारलं.

शेखर पुढे आला. उत्सवाचा संयोजक, गळ्यात ओळखपत्र, हातात दोन मोबाईल. "काकू, मीच पेंटरकडून करून घेतलं. ऐनवेळी घाई नको म्हणून. तो तिथंच येणार ना?"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, हे त्या क्षणी मैनाबाईंच्या चेहऱ्यावर दिसत होतं. एकोणतीस वर्षांची सगळी उतरवलेली जर्नलं त्या एका ठिपक्यात येऊन बसली होती. त्या खाली वाकल्या, कमरेची किल्ली काढली आणि ठिपका खरवडायला लागल्या. रांगोळी विस्कटली. शामसुंदरराव धावत आले.

"मैनाबाई, अहो, पाहुणे येतायत."

"मांडव काढा."

"आता? साहेब द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलेत, पोचतीलच इतक्यात. आपण असं करू, पावणेएकला घेऊ कार्यक्रम. पाव तास इकडे तिकडे."

बाई चिडल्या की शाळेत शिकलेलं बोलणं गळून पडतं आणि माहेरची अहिराणी वर येते. "सूर्य काय तुमना घरना गडी शे का?" त्या म्हणाल्या. "साहेब येतील म्हणून थांबेल?"

शामसुंदरराव हसले. हसू नये अशा वेळी हसण्याची त्यांना सवय आहे. मग मैनाबाईंनी एक गोष्ट केली, जी कॉलनीत अजून कुणाला खरी वाटत नाही. त्या व्यासपीठावर चढल्या आणि साहेबांसाठी मांडलेल्या पांढऱ्या सोफ्यावर जाऊन बसल्या. मांडीवर वही, वहीवर रंगाचा डबा. "खांबाच्या वरचं मांडवाचं कापड निघत नाही तोवर मी उठत नाही," त्या म्हणाल्या, आणि पुढची पस्तीस मिनिटं खरंच उठल्या नाहीत. विनवण्या झाल्या. सखुबाईंना मध्यस्थीला पाठवून पाहिलं. शेखरनं व्हिडिओ काढायला मोबाईल वर केला, तेव्हा बाईंनी नुसतं पाहिलं आणि त्यानं तो खिशात टाकला.

बारा वीसला शामसुंदररावांनी हात टेकले. मांडववाल्या खंडेरावांना हाक मारली. खंडेराव शिडीचा घोडा लावून वर चढताना कुरकुरले, "लय नवं कापड हाय, बाई." पण त्यांनी दोऱ्या सोडल्या आणि कापडाचा एक पट्टा मागे सारला. उन्हाचा चौकोन खांबावर येऊन पडला. मैनाबाईंनी झेंडूची माळ ओढून काढली, ओळंबा धरला. सावली होती. करंगळीएवढी, खांबाच्या पश्चिमेला.

"या सगळ्यांनी," त्या ओरडल्या, "आता पाचच मिनिटं."

माणसं येऊ लागली. पंचवीस-तीस जणांचं कडं होत आलं होतं. तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला आणि शेखरनं माइकवर जाहीर केलं की साहेबांचं आगमन झालेलं आहे, सर्वांनी स्वागताला यावं. कडं फुटलं. लेझीमवाल्या पोरी पळाल्या. हार घेतलेले पळाले. सखुबाई, ज्यांनी तीन रविवार ह्या एका मिनिटाची वाट पाहिली होती, त्या एका हातानं औक्षणाचं ताट सावरत, दुसरा गुडघ्यावर ठेवत फाटकाकडे निघाल्या. "आल्येच गं," जाता जाता म्हणाल्या.

बाईंनी हाका मारल्या. एकदा, दोनदा. तिसरी हाक मारली नाही, कारण तेवढा वेळ नव्हता. त्या खांबाशी गुडघे टेकून बसल्या. सावली आखडली. दोऱ्याएवढी झाली. घड्याळात बारा एकतीस झाले आणि खांबाच्या बुंध्याभोवती चारी बाजूंनी सारखं, लख्ख ऊन पडलं. खांब उभा होता आणि त्याला सावली नव्हती. मैनाबाईंनी ठिपका दिला. फाटकाशी लेझीम वाजत होतं.

बारा चाळीसला साहेब हारातुऱ्यांसकट खांबापाशी पोचले. घामानं भिजलेले, पण माणूस म्हणून बरे होते. खाली वाकून म्हणाले, "सावली तर दिसतेय की." दिसतच होती. तीन बोटं, पूर्वेला.

मैनाबाई तोंड उघडणार, तेवढ्यात शामसुंदरराव हसत म्हणाले, "बाईंचं गणित थोडं चुकलं असेल साहेब. हौशीनं करतात हो." लोक हसले. वाईट मनानं नाही, पाहुणे हसले म्हणून हसले. त्यातले निम्मे कित्येक रविवार तिथं उभे राहिलेले होते.

बाईंना त्या घटकेला शामसुंदररावांच्या अंगावर रंगाचा डबा ओतावासा वाटत होता, हे त्यांनी नंतर स्वतःच सांगितलं. त्या मांडवाच्या कोपऱ्यात जाऊन खुर्चीवर बसल्या आणि वही उघडली. तारीख. वेळ बारा एकतीस. सावली नाही. पाहणारे: एक. लिहिताना पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

भाषणं चालू झाली तेव्हा खंडेराव घोडा उचलायला त्या कोपऱ्यात आले. जरा घुटमळले.

"बाई, त्ये गणित चुकलं म्हणत्यात, त्ये खोटं हाय," ते म्हणाले. "मी वरच व्हतो. वरून समदं दिसत व्हतं. नव्हती सावली. मी खांबाच्या चारी अंगाला पाह्यलं."

मैनाबाईंनी पेन उचललं. "वेळ किती झाली होती?"

"त्ये नाय माहीत. पण लेझीम चालू व्हतं."

बाईंनी 'एक' खोडलं आणि 'दोन' लिहिलं. मग खंडेरावांना पेन देऊन बाजूला सही करायला लावली.

आठवड्यानं ग्रीष्मोत्सवाचा छापील अहवाल घरोघरी आला. त्यात साहेबांचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं की कॉलनीतल्या दोनशे रहिवाशांनी शून्य सावलीचा विलक्षण अनुभव घेतला. संध्याकाळी शामसुंदरराव मैनाबाईंच्या दारात आले. वर अहवाल पाठवायचा आहे, सोबत नोंदवहीच्या पानाची झेरॉक्स जोडायची आहे, म्हणाले. "तेवढा आकडा जुळवून द्या ना. खंडेराव सांगत होते, वहीत दोनच पाहणारे आहेत. दोनवर दोन शून्यंच द्यायची आहेत."

मैनाबाईंनी वही आणली, पान उघडून त्यांच्यासमोर धरलं, पण हातात दिली नाही.

"ज्यांनी पाहिलं त्यांची सही आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही कुठे होतात?"

शामसुंदरराव या वेळी हसले नाहीत. बाईंनी दार लावून घेतलं.