राजमा शिजेना तेव्हा

आप्पांच्या हृदयात स्टेंट बसवल्यावर मी त्यांना कवठे येमाईहून सणसवाडीला, आमच्या भाड्याच्या खोलीवर आणलं. डॉक्टरांनी मटण बंद केलं होतं, जड काम बंद केलं होतं. जन्मभर गोठ्यात आणि शेतात राबलेला माझा बाप दिवसभर गॅलरीत येरझारा घालायचा. त्यांच्या चपलांचा आवाज थांबला की मी हातातलं टाकून दाराकडे बघायची.

त्या रविवारी नवरा पहिल्या पाळीला गेला होता. शेजारून मटण शिजल्याचा वास यायला लागला. आप्पांनी सकाळी पोहे नुसते चिवडले होते. कंपनीतल्या मैत्रिणीनं चिली नावाच्या परदेशी रश्श्याची कृती फोनवर पाठवली होती. राजमा, अख्खा मसूर, टोमॅटो, ढोबळी मिरची, सगळं तिखट आणि दाट. फोटोतला लाल रंग बघून वाटलं, हे आप्पांना जाईल. पण राजमा आदल्या दिवशी भिजवायला हवा होता. मी सकाळी उठून गरम पाण्यात टाकला. सहा शिट्ट्यांनंतर दाणा दाबून बघितला, तर आत कच्चाच. परत कुकर लावला आणि कांदा परतायला घेतला.

शिट्ट्या मोजताना लक्षात आलं, बाहेर चपलांचा आवाज नाही. गॅलरीत कुणी नव्हतं. आप्पांचा फोन खाटेवरच होता.

"दीदी, अंकल तो थैली लेके नीचे गए," शेजारीण म्हणाली.

गॅस बंद करून मी तशीच धावले. आधी मटणाच्या दुकानापाशी गेले. रांगेतला एकेक चेहरा बघितला. आप्पा नव्हते. संशय घेतल्याची लाज वाटली, तरी पाय थांबेनात. शेवटी हायवेच्या स्टॉपवर दिसले, मांडीवर औषधांची पिशवी घेऊन बसलेले.

"कुठं निघालात?"

"घरी. शिरूरची गाडी बघतोय."

"मला सांगायचं तरी! जीव गेला असता माझा."

"सांगितलं असतं तर सोडलं असतं का? तिथं म्हस हाय, कोंबड्या हायत. हितं मी काय करू? नुसता बसून र्‍हायलो तर आजारीच वाटतं गं."

मला भांडायचं होतं. पण रस्त्यावरच रडू फुटलं. ते उठले. "चल," म्हणाले.

घरी आल्यावर मी ढोबळ्या मिरच्या आणि विळी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी बारीक चिरायला घेतल्या. मग मसूर निवडला, लसूण ठेचला. राजम्याला आणखी आठ शिट्ट्या लागल्या. निम्मा राजमा त्यांनीच पळीनं दाबून रस्सा दाट केला.

"मीठ न्हाई."

"कमीच घालायचंय."

"मंग लिंबू दे."

त्यांनी दीड भाकरी कुस्करून खाल्ली. "मटणाची सर न्हाई," म्हणाले आणि ताट पुढं केलं.

पुढच्या गुरुवारी मी स्वतः त्यांना कवठ्याला सोडून आले. म्हशीला हात लावणार नाही असं कबूल करून घेतलं. ते पाळतात की नाही, मला माहीत नाही. रोज दुपारच्या सुट्टीत फोन लावते. दोन-तीनदा रिंग होऊनही उचलला नाही, की डबा तसाच उघडा राहतो.